सणाचे जेवण आणि त्या दिवसाची न्याहारी

खाण्याच्या विकारातून बरे होत असलेल्या माणसाने सणावाराचे जेवण कसे निभवावे, असा प्रश्न आला की बहुतेक सल्ले थेट ताटापाशी जाऊन पोहोचतात: किती वाढून घ्यावे, नको कसे म्हणावे, कोणाशेजारी बसावे. हे सल्ले चुकीचे नाहीत, आणि पुढे मीही त्यांच्याकडे वळणार आहे; पण माझ्या मते त्या दिवसाची खरी कसोटी ताट समोर येण्याच्या कितीतरी आधी, सकाळीच सुरू झालेली असते. 'दुपारी एवढे जेवायचेच आहे, मग आत्ता कशाला काही खायचे?' हे वाक्य घराघरांत सहज बोलले जाते, आणि ज्याचे खाणेपिणे सुरळीत आहे त्याचे त्यामुळे काही बिघडत नाही. बरे होत असलेल्या माणसासाठी मात्र आजाराला पुन्हा आत शिरायला एवढी फट पुरते, कारण हे वाक्य शहाणपणाचे वाटते आणि त्याला विरोध करायला घरातले कोणीच उभे राहत नाही.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. सणाचे जेवण हे त्या दिवसाच्या पाच-सहा खाण्यांपैकी एक आहे. बाकीची आपापल्या वेळी, आपापल्या जागी राहिली, तर हे एक पेलता येते. ती हलली, तर उत्तमोत्तम तयारीही त्या एका ताटापुढे अपुरी पडते. असे का होते, हे समजून घेण्यासाठी आधी शरीराकडे पाहावे लागेल. कॅलरी, वजन किंवा ग्रॅम यांचे आकडे या लेखात मुद्दामच दिलेले नाहीत. हा आजार आकड्यांवर पोसला जातो, आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या हाती त्याला नवे खाद्य द्यावे अशी माझी इच्छा नाही.

हे आजार कोणते, ते थोडक्यात

अनोरेक्सिया नर्व्होसा या आजाराचे वर्णन १८७३ च्या सुमारास लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी जवळजवळ एकाच वेळी, पण स्वतंत्रपणे केले. त्यात खाणे कमी कमी होत जाते आणि वजन वाढण्याची भीती सगळ्या विचारांवर ताबा मिळवते. बुलिमिया नर्व्होसा हे नाव १९७९ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी दिले. त्यात ताबा सुटून खूप खाल्ले जाते आणि मग उलटी करून, उपाशी राहून किंवा अशाच काही मार्गाने ते खाणे 'पुसून टाकण्याचा' प्रयत्न होतो. तसा प्रयत्न न होता वारंवार ताबा सुटून खाल्ले जाते, त्या बिंज ईटिंग डिसऑर्डरला अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली ती २०१३ मध्ये. हे आजार केवळ तरुण मुलींना होतात किंवा माणूस हाडकुळा दिसला तरच होतात, ही समजूत चुकीची आहे. ते पुरुषांना होतात, मध्यम वयात होतात, आणि वजन काट्यावर अगदी 'योग्य' किंवा जास्त असलेल्या माणसालाही होतात. ही नटण्यामुरडण्याची हौस नव्हे आणि हट्टही नव्हे. अनोरेक्सियामध्ये मृत्यूचे प्रमाण मानसिक आजारांमध्ये सर्वांत जास्त असणाऱ्यांपैकी एक आहे.

उपाशी शरीर मनाला काय करते

दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४४ च्या अखेरीस, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. युद्धाने उपाशी ठेवलेल्या लोकांना पुन्हा खाऊ घालायचे कसे, हे त्यांना शोधायचे होते. शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. ते शरीराने धडधाकट होते, आणि मनाने खंबीर आहेत हे पाहूनच त्यांना निवडले होते. २४ आठवडे त्यांना गरजेपेक्षा बरेच कमी अन्न दिले गेले, आणि त्यांचे वजन बरेच उतरले.

शरीर वाळले, हे अपेक्षितच होते. मनाचे जे झाले ते मात्र आजही खाण्याच्या विकारांवर काम करणारे अनेक जण आपल्या रुग्णांना समजावून सांगतात. ज्यांना पूर्वी स्वयंपाकात काडीचा रस नव्हता ते तरुण पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. बोलणे, विचार आणि स्वप्ने अन्नाभोवती फिरू लागली. समोर आलेले थोडेसे जेवण ते तासन्तास पुरवून खात, ताटाला कोणी हात लावला तर चिडत, मित्रांपासून दूर राहू लागले, उदास झाले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्महिने शमेना. पोट तट्ट भरले तरी मनाचे समाधान होईना. या तरुणांपैकी कोणालाही खाण्याचा विकार नव्हता. केवळ उपासमारीने त्यांना तसे केले होते.

बरे होत असलेल्या माणसाने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सणाच्या आठ दिवस आधीपासून डोक्यात जेवणाचेच विचार फिरत राहतात, एखादा पदार्थ चाखताच 'आता थांबता येणार नाही' असे वाटते, हा त्याच्या स्वभावातला दोष नाही आणि लोभही नाही. बऱ्याच काळाच्या कमतरतेला शरीर देत असलेले ते उत्तर आहे. ही कमतरता सकाळची न्याहारी टाळून आणखी वाढवली, तर तेच उत्तर दुपारी अधिक जोरात येते. अनोरेक्सियाच्या वाटेवरच्या माणसाला ती भूक पाहून भीती वाटते आणि तो हात आणखी आखडतो. बुलिमिया किंवा बिंज ईटिंगच्या वाटेवरच्या माणसाचा ताबा सुटतो, मग अपराधीपणा येतो, आणि तो धुऊन काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहण्याचा बेत होतो. फेरा तिथूनच नव्याने सुरू होतो.

हा फेरा नेमका कुठे तोडायचा, याचे उत्तर ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतीत फार स्पष्टपणे दिलेले आहे. त्यात सुरुवातीच्या टप्प्यात 'काय खावे' यापेक्षा 'केव्हा खावे' याला महत्त्व असते: दिवसात तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडेसे खाणे, आणि दोन खाण्यांमध्ये साधारण चार तासांहून जास्त अंतर पडू न देणे. भूक लागो न लागो, मन तयार असो नसो, वेळ झाली की खायचे, जसे औषध वेळेवर घेतात तसे. ऐकायला हे अगदीच साधे वाटते, पण करून पाहिलेल्या माणसाला विचारावे. आजाराशी रोज पाच-सहा वेळा केलेली ती झटापट असते. आणि सणाच्या दिवशी हीच घडी सर्वांत आधी विस्कटते.

पोट भरल्याची खूण फसवी असते

'भूक लागेल तेवढे खा, पोट भरले की थांब' हा निरोगी माणसाला दिलेला उत्तम सल्ला इथे सपशेल निरुपयोगी ठरतो. बराच काळ कमी खाल्ले गेले की पोट रिकामे व्हायला जास्त वेळ लागू लागतो. चार घास खाल्ले तरी पोट गच्च वाटते, फुगते, मळमळते, आणि ही जाणीव खोटी नसते; अन्न खरोखरच जठरात रेंगाळत असते. नियमित खाणे सुरू राहिले की ही तक्रार हळूहळू, काही आठवड्यांत कमी होत जाते. पण मधल्या काळात माणसाला वाटते की पोटाचा घेर म्हणजे चरबी, आणि ती याच जेवणाने आली. एका जेवणाने शरीर बदलत नाही. जेवणानंतर दिसणारा फुगवटा हा अन्नाचा, वायूचा आणि पाण्याचा असतो. एवढे कळले म्हणून भीती जात नाही, हे खरे. परंतु त्या घटकेला शेजारी बसलेल्या एखाद्या जवळच्या माणसाने हलक्या आवाजात इतकेच म्हटले, की 'पोट जड वाटणार हे आपल्याला ठाऊक होते, ते उतरेल', तर भीतीला धरायला एक काठ मिळतो.

सणाच्या दिवशी नेमके काय घडते

सणाचे जेवण वेळेवर वाढले जात नाही. एक वाजता जेवू असे म्हणतात, पाहुण्यांपैकी कोणीतरी उशिरा येते, स्वयंपाकातला एखादा पदार्थ मागे राहतो, आणि पाने मांडेपर्यंत तीन वाजतात. बाकीच्यांसाठी ती फक्त कडकडून लागलेली भूक असते. बरे होत असलेल्या माणसासाठी ती सात तासांची पोकळी असते, आणि त्या पोकळीत आजार बोलत राहतो: 'बघ, एवढा वेळ काही न खाता राहता आलेच की तुला.' या एका गोष्टीकडे जितके लक्ष द्यावे तितके थोडे आहे. उपाय सोपा आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या नेहमीच्या वेळी, नेहमीचे खाणे खाऊन घ्यायचे, मग मुख्य जेवण केव्हा का होईना. परगावी किंवा दुसऱ्याच्या घरी जायचे असेल तर छोटा डबा बरोबर न्यायचा. 'आता भूक मारू नकोस, जेवायचे आहे ना' असे कोणी म्हणाले, तर 'माझी खाण्याची वेळ ठरलेली आहे' एवढे उत्तर पुरते.

याशिवाय त्या दिवशी कितीतरी गोष्टी एकदम बदलतात. पदार्थ नेहमीचे नसतात, त्यांत काय आहे आणि किती आहे याचा अंदाज येत नाही, वाढणारा हात दुसऱ्याचा असतो, आजूबाजूला डोळे असतात. वर्षभराने भेटणारे नातेवाईक पहिल्यांदा शरीराकडे पाहतात आणि मग ख्यालीखुशाली विचारतात. नवे कपडे असतात, फोटो असतात, आणि ज्या खोलीत एकट्याने पाच मिनिटे बसता येईल ती पाहुण्यांच्या सामानाने भरलेली असते. यातली एखादी गोष्ट कोणीही सहन करील. सगळ्या मिळून एका दुपारी अंगावर येतात, म्हणून त्या दिवशी थकवा फार येतो.

आधी ठरवून ठेवायचे ते

सणाच्या जेवणातले निर्णय ताटावर बसून घ्यायचे नसतात, कारण तिथे आजाराचा आवाज सर्वांत मोठा असतो. ते दोन-चार दिवस आधी, उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा आहारतज्ज्ञाशी बोलून, शक्य तर घरातल्या एका माणसाला बरोबर घेऊन घ्यावेत. त्या दिवशीच्या सगळ्या खाण्यांच्या वेळा लिहून काढाव्यात, मुख्य जेवणात काय काय असेल हे यजमानांना आधी विचारून घ्यावे, आणि त्यांतून आपले ताट मनात मांडून ठेवावे. ताट कोण वाढणार, हेही ठरवावे. काहींना स्वतः वाढून घेणे सोपे जाते. काहींच्या बाबतीत वाढण्याचा निर्णय कोणीतरी घेतला तर डोक्यातली घासाघीस थांबते. दोन्हींत कमीपणा नाही.

आजाराने ज्या पदार्थांना 'वाईट' ठरवून टाकलेले असते, त्यांचे काय करावे यावर मतभेद आढळतात. भीतीच्या पदार्थाला सामोरे जाणे हा उपचाराचाच भाग आहे: तो पदार्थ खाल्ला की आधी भीती चढते, आणि तिच्यापासून पळून न जाता थांबले की ती उतरते, आणि असे पुन्हा पुन्हा झाले की मेंदू शिकतो की इथे धोका नव्हता. पण हे शिकणे शांत ठिकाणी, ओळखीच्या माणसाबरोबर, थोड्या प्रमाणापासून सुरू व्हावे लागते. म्हणून मला असे वाटते की वर्षभर टाळलेला पदार्थ पहिल्यांदा खाण्यासाठी वीस पाहुण्यांची दुपार निवडू नये. त्या दिवशी तो खायचाच असेल, तर आधीच्या दोन-तीन आठवड्यांत घरी त्याची तालीम करावी. तालीम झाली नसेल, तर त्या दिवशी ओळखीचे अन्न पुरेसे खाणे हेच मोठे काम आहे. अपवाद अर्थातच आहेत, आणि आपल्या रुग्णाला ओळखणाऱ्या तज्ज्ञाचा शब्द अशा वेळी माझ्या मतापेक्षा वरचा मानावा.

घरातला एक माणूस 'आपला माणूस' म्हणून ठरवावा. त्याच्याशी एक खूण ठरवावी, जिचा अर्थ 'मला इथून पाच मिनिटांसाठी बाहेर काढ' असा असेल. मी हे मुद्दाम सांगतो, कारण सगळ्यांसमोर मदत मागणे अवघड असते आणि ज्याने ती द्यायची त्याला बहुतेकदा कळतही नाही की ती आत्ता हवी आहे.

'छान भरलीस गं!'

समजा, एकोणीस वर्षांची एक मुलगी आठ महिने उपचार घेऊन सणाला घरी आली आहे. सकाळी आईबरोबर बसून तिने न्याहारी केली, अकराला ठरलेले खाल्ले, दुपारी ताट ठरल्यासारखे वाढून घेतले. तिसऱ्या घासाला समोरून मावशी म्हणते, 'छान भरलीस गं! आता कशी तब्येत दिसते.' मावशीच्या मनात प्रेमाखेरीज काही नाही. गेल्या वर्षी भाचीला पाहून ती घरी जाऊन रडली होती, आणि आज तिचा जीव भांड्यात पडला आहे. मुलगी हसते. चमचा ताटाच्या कडेला ठेवते. पाणी पिते. नंतर बराच वेळ ती ताटातले अन्न एका कडेपासून दुसऱ्या कडेला नुसते सारत राहते.

'भरलीस' या शब्दाचा मावशीच्या मनातला अर्थ 'बरी झालीस' असा होता. आजाराने तो 'जाड झालीस, सगळ्यांना दिसते आहे' असा ऐकवला. 'वाळलीस किती!' हे वाक्यही असेच उलटते; काळजीने म्हटलेले असते, पण आजार त्याला शाबासकी समजतो. इतकेच काय, 'अगदी नॉर्मल दिसतेस आता' यातूनही काहींना 'म्हणजे आता मी आजारी नाही, मला मदत मागायचा हक्क उरला नाही' असे ऐकू येते. म्हणून शरीराविषयीचे चांगले वाक्य आणि वाईट वाक्य असा भेद करत बसण्यात अर्थ नाही. त्या दिवशी शरीर हा विषयच नको. 'तुला पाहून बरे वाटले', 'तुझ्याशी बोलायचे राहिले होते' एवढे म्हटले की प्रेम पोहोचते आणि इजा होत नाही.

हे नातेवाइकांना आधी सांगावे, आणि रुग्णाने नव्हे, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी सांगावे. फोनवर दोन वाक्ये पुरेशी असतात: 'तिच्या वजनाबद्दल, दिसण्याबद्दल, ताटाबद्दल काही बोलू नका, चांगलेसुद्धा नको. बाकी नेहमीसारखे वागा.' त्याबरोबर आणखी एक विनंती करावी. स्वतःच्या खाण्याबद्दलची कुरकुर त्या दिवशी आवरावी. 'आज पाप केले, उद्यापासून डाएट', 'हे जिरवायला आता दोन तास चालावे लागणार' ही वाक्ये बोलणाऱ्याला निरर्थक वाटतात. ज्याला खाण्याची किंमत चुकवावी लागते असे आजाराने शिकवले आहे, त्याला ती पुराव्यासारखी लागू पडतात.

तरीही कोणीतरी बोलणारच. त्यासाठी दोन-तीन उत्तरे आधीच तोंडात बसवून ठेवावीत, म्हणजे त्या क्षणी शब्द शोधावे लागत नाहीत. 'मावशी, तब्येतीचे राहू दे, तुझे सांग', 'मला हवे तेवढे मी घेतले आहे', 'याबद्दल आज नको बोलूया'. आवाज चढवावा लागत नाही आणि खुलासाही द्यावा लागत नाही. आपला आजार कोणाला किती सांगायचा, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा आजार त्याचाच आहे.

आग्रह आणि आधार

यजमानाचा आग्रह आणि घरच्यांचा आधार यांत बाहेरून पाहता फरक दिसत नाही. दोघेही 'घे अजून' असेच म्हणतात. आग्रह करणाऱ्याला आपले प्रेम पोहोचवायचे असते, आणि ते नाकारले की त्याचे मन दुखावते, म्हणून जेवणारा स्वतःच्या भुकेपेक्षा त्याच्या मनाचा विचार करू लागतो. आधार देणारा आधी ठरलेल्या आराखड्याला धरून बोलतो, तेवढेच बोलतो, आणि त्याच्या वागण्यात रुसवा नसतो.

हा फरक किशोरवयीन मुलांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात १९८० च्या दशकात रुजलेल्या कुटुंबाधारित उपचारपद्धतीत सुरुवातीचा काही काळ मुलाच्या खाण्याची जबाबदारी आईवडील आपल्याकडे घेतात, कारण त्या टप्प्यावर आजार मुलाला निर्णय घेऊ देत नाही; प्रकृती सावरली की ती जबाबदारी टप्प्याटप्प्याने मुलाकडे परत दिली जाते. असे उपचार चालू असलेल्या घरात सणाच्या दिवशीही आई ताट वाढते, शेजारी बसते, आणि ते संपेपर्यंत शांतपणे, ठामपणे तिथेच राहते. हे पाहून एखादा पाहुणा 'अगं, सणाच्या दिवशी तरी सोड तिला' असे म्हणतो. त्याला वाटते तो मुलीची बाजू घेतो आहे. प्रत्यक्षात तो आजाराची बाजू घेत असतो, आणि त्या आईला तिथल्या तिथे कोणीतरी साथ द्यावी लागते, निदान दुसऱ्या पालकाने तरी. मूल आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पद्धतीचे एक मूळ तत्त्व आहे; राग करायचा असेल तो आजाराचा.

प्रौढ माणसाच्या बाबतीत हे असे चालत नाही. त्याच्या ताटात न विचारता वाढणे, तो काय खातो ते मोजणे, खाल्ल्यावर टाळ्या वाजवणे, हे सगळे त्याला पुन्हा परीक्षेला बसवते. आणि ज्याचा आजार बिंज ईटिंगचा आहे त्याला तर उलटाच अनुभव येतो: शरीर मोठे असले की सगळे 'जपून खा' म्हणतात. मग तो चारचौघांत चिमणीएवढे खातो, उपाशीच उठतो, आणि रात्री सगळे निजल्यावर एकटाच उरलेल्या अन्नापाशी उभा असतो. त्यालाही दिवसभर पुरेसे, वेळेवर, सर्वांबरोबर खाता यायला हवे. कमी खाण्याचा सल्ला त्याच्या आजारावरचा उपाय नाही, तो आजार वाढवणारी गोष्ट आहे.

उपवासाबद्दलही इथेच सांगतो. अनेक धर्मांत सणाला उपवास जोडलेला असतो, आणि बहुतेक परंपरांनी आजारी माणसाला त्यातून सूट दिलेली आहे. बरे होत असलेल्या माणसाने ती सूट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शरीरात न खाण्याचे रूपांतर पटकन आजारात होते, त्याने केलेला उपवास हा उपवास राहत नाही. मनात खंत असेल तर आपल्या धर्मातल्या जाणत्या माणसाशी बोलावे आणि सेवेचा दुसरा मार्ग विचारावा.

जेवणानंतरचा तास

ताट उचलले की बाकीच्यांचे जेवण संपते. बरे होत असलेल्या माणसाचे त्यानंतरचा तासभर चालूच असते. अपराधीपणा, पोटाचा ताण आणि 'आता काहीतरी करायला हवे' ही ओढ, या तिन्ही गोष्टी तेव्हाच शिगेला असतात. ही ओढ लाटेसारखी असते: चढते, टिकते आणि तिच्यामागे आपण गेलो नाही तर उतरते. तिच्याशी वाद घालून ती थांबत नाही. वेळ जाऊ देणे हेच काम असते. म्हणून हा तास रिकामा ठेवू नये आणि एकट्याने काढू नये. लहान मुलांबरोबर पत्ते, कोणाला तरी फोन, हाताला गुंतवणारे काही काम, असे काहीतरी त्या तासासाठी आधीच ठरवलेले असावे. जेवण 'जिरवण्यासाठी' जोरजोरात चालायला जाणे हे मात्र त्यात नको. ज्याला जेवणानंतर बाथरूममध्ये एकटे जाणे धोक्याचे वाटते, त्याने 'आपल्या माणसाला' आधी सांगून ठेवावे. यात लाज आहे ती आजाराची, त्याची नव्हे.

आणि ठरवल्याप्रमाणे नाहीच झाले तर? ताट अर्धे राहिले, किंवा ताबा सुटून खूप खाल्ले गेले, किंवा खाल्लेले टिकले नाही. असे होते, बरे होण्याच्या काळात होते, आणि त्याचा अर्थ इतक्या महिन्यांचे सगळे वाया गेले असा होत नाही. एक घसरण आणि आजाराचे परत येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर पुढच्या खाण्याने ठरते. संध्याकाळी सहाला काही खायचे ठरले असेल तर सहाला खायचे. कमी करून नव्हे, भरपाई म्हणून नव्हे, ठरले होते तेवढेच. पुढच्या भेटीत तज्ज्ञाला ते जसे झाले तसे सांगायचे.

सण बाजूला ठेवावा लागतो तेव्हा

जो माणूस गेले कित्येक दिवस जवळजवळ काहीच खात नाही, त्याला 'आज सण आहे, आज तरी पोटभर जेव' असे म्हणून एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. बराच काळ उपाशी असलेल्या शरीरात अचानक अन्न गेले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊ शकतात आणि हृदयाची लय बिघडू शकते; याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. अशा माणसाचे खाणे वाढवायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करत. घेरी येणे, छातीत धडधड, ठोके चुकल्यासारखे वाटणे, उलटीत रक्त, अंगातली ताकद एकाएकी जाणे, किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे यांपैकी काहीही असेल, तर पाहुणे जेवायचे थांबले तरी चालतील. डॉक्टरांकडे लगेच जावे. टाइप वन मधुमेह असलेल्या माणसाने वजनाच्या भीतीने इन्शुलिन टाळले असेल तर तीही तातडीची बाब आहे.

एवढे गंभीर नसतानाही, यंदा मोठ्या जेवणाला न जाण्याचा निर्णय योग्य असू शकतो. अर्धा तास भेटून, जेवणाआधी परत येता येते. जेवण घरी, तीन माणसांत, नेहमीच्या वेळी करता येते, आणि मग गप्पांना जाता येते. फक्त एक पाहावे की हा निर्णय आजार घेत नाही ना. त्याची परीक्षा सोपी आहे: न जाण्याच्या बेतात त्या दिवसाची सगळी खाणी जागच्या जागी आहेत का? असतील तर तो विसाव्याचा निर्णय आहे. त्यातले एखादे गळालेले असेल, तर बोलून पाहायला हवे.

राहिली ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. सणाच्या दुसऱ्या दिवशी घरातले सगळे उशिरा उठतात, 'काल फार झाले, आज नुसता चहा' म्हणतात, आणि न्याहारी आपोआप गळते. ती गळू नये म्हणून रात्री निजण्यापूर्वीच सकाळचे काय ते ठरवून, वाटीचमचा काढून ठेवावा, आणि घरातल्या एकाने नेहमीच्या वेळी उठायचे कबूल करावे. त्याने उठून काही समजावायचे नाही, कालच्या ताटाचा विषयही काढायचा नाही. समोर बसून स्वतःची न्याहारी खायची.